मंगळवारी कृपया अपघात करू नयेत

विभागीय कार्यालयाचं पत्र शुक्रवारी दुपारी आलं, तेव्हा इंद्रजित लोमटे डबा खात होता. त्यानं पहिल्या चार ओळी वाचल्या आणि हातातला भाकरीचा तुकडा तसाच डब्यात परत ठेवला. समोर बसलेल्या यास्मिननं घाबरून विचारलं, "काय झालं सर? कोण गेलं?"

"अजून कोणी नाही. पण मंगळवारी आपण जातोय असं दिसतंय."

इंद्रजित हा धाराशिवच्या ‘हाक’ केंद्राचा प्रमुख. जिल्ह्यात कुठंही गाडी उलटली, कडब्याच्या गंजीला आग लागली, न्हाणीत साप निघाला किंवा दोन भाऊ बांधावर कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले, की लोक मदतीचा नंबर फिरवत आणि फोन या केंद्रात वाजे. इथले ऑपरेटर पत्ता विचारून जवळची गाडी पाठवत. पत्ता म्हणजे "अणदूरच्या पुढं, चिंचेपाशी, मागल्या साली ट्रक घुसला व्हता बगा, तिथं" अशा जातीचा असे. आणि यास्मिनला तो कळे. केंद्राचं सगळं वैभव काय ते एवढंच होतं.

पत्रात लिहिलं होतं की, ज्या जिल्ह्याकडे चालू स्थितीतलं पर्यायी केंद्र नसेल त्याचं मुख्य केंद्रही बंद करून विभागीय केंद्रात विलीन करण्यात येईल. तपासणीसाठी मंगळवारी अकरा वाजता निरीक्षक येतील. त्यांच्यासमोर मुख्य केंद्राला कुलूप लावून दोन तासांच्या आत पर्यायी केंद्रातून फोन घेऊन दाखवावेत. हे जमलं नाही तर अकरा ऑपरेटर घरी बसणार होते, आणि ती अणदूरची चिंच अडीचशे किलोमीटरवरच्या कुणाला तरी समजावून सांगायची पाळी जखमी माणसावर येणार होती.

"आपल्याला पर्यायी केंद्र आहे?" यास्मिननं विचारलं. ती सहा वर्षं इथं नोकरीला होती.

"आहे ना. येरमाळ्याला. कागदावर."

कागद म्हणजे चौऱ्याऐंशी पानांचा आराखडा. इंद्रजितच्या आधीच्या साहेबांनी तो एका दुपारी तयार केला होता. म्हणजे समुद्रकाठच्या एका जिल्ह्याचा आराखडा मागवून त्यातलं जिल्ह्याचं नाव तेवढं बदललं होतं. सतराव्या पानावर मच्छीमार बांधवांना तातडीनं किनाऱ्यावर बोलावून घेण्याची सूचना होती. विसाव्या पानावर भरती-ओहोटीच्या वेळा होत्या. ज्या गावात नळाला पाणी कोणत्या दिवशी येईल हे ब्रह्मदेवाला सांगता येत नाही, तिथं भरतीची वेळ मात्र मिनिटासकट छापलेली होती. इंद्रजितनं सगळा समुद्र ओलांडला, तेव्हा त्याला एकतिसाव्या पानावर कामाचं वाक्य सापडलं: ‘पर्यायी केंद्र सुरू होईपर्यंत सर्व कॉल केंद्रप्रमुखाच्या भ्रमणध्वनीवर वळवावेत.’

"म्हणजे आख्ख्या जिल्ह्याचे फोन तुमच्या एकट्याच्या मोबाइलवर?" यास्मिन म्हणाली. "आणि त्यात कुणी खरंच अडचणीत आलं तर?"

इंद्रजित हा मुळात सज्जन माणूस. सज्जन माणसाच्या डोक्यात कल्पना आली की इतरांनी सावध व्हायचं असतं, पण तिथं सावध करायला कोणी नव्हतं. त्यानं तिथंच एक संदेश लिहून काढला. ‘सर्व नागरिकांना नम्र विनंती. मंगळवारी सकाळी अकरा ते दुपारी एक या वेळेत हाक केंद्राचा सराव असल्यामुळे शक्यतो अपघात, आगी व इतर दुर्घटना करू नयेत. अगदीच नाइलाज असल्यास संपर्क साधावा. आपला नम्र.’

यास्मिननं तो दोनदा वाचला. "सर, ते ‘शक्यतो’ काढा. त्यानं जोर जातो. ‘कृपया’ घाला."

‘शक्यतो’ निघालं, ‘कृपया’ आलं, आणि संदेश संध्याकाळपर्यंत जिल्ह्यातल्या प्रत्येक सरपंचाच्या, ग्रामसेवकाच्या आणि व्याह्याच्या मोबाइलवर जाऊन पोचला.

आता आपल्याकडच्या माणसाचं एक आहे. सरकारनं हुकूम काढला तर तो त्यातून वाट शोधत बसतो. पण सरकारनं हात जोडले की तो विरघळतो. शनिवारी सकाळी आठ वाजता पहिला फोन आला तो तेरखेड्याहून. तिथं फटाक्याचा कारखाना चालवणारे माणिकप्पा बोलत होते.

"सायेब, मंगळवारी तुमी न्हाय म्हून कळलं. मंग आमी दारू भरावी का न्हाय?"

"भरा की माणिकप्पा. आम्ही आहोत. फक्त दोन तास जरा—"

"न्हाय न्हाय. तुमच्या माघारी काय इपरीत नगं. म्या आख्खा दिस कामच बंद ठिवतो. कामगारास्नी सांगितलं बी."

इंद्रजितला बरं वाटलं. लोक सहकार्य करत होते. रविवारी अणदूरहून धोंडीबा नावाच्या एका गृहस्थांचा फोन आला. त्यांचं आणि चुलत्याचं बांधावरून भांडण होतं आणि ते नेमकं मंगळवारी साडेअकराला ठरलेलं होतं.

"बुधवारी करावं का?" धोंडीबानं विचारलं.

"अहो, भांडूच नका ना."

"ते कसं जमंल सायेब? दोन्हीकडचे पाव्हणे बोलिवलेत. तुमी बुधवारी हाईत का, तेवडं सांगा."

सोमवारी मात्र सहकार्य जरा जास्तच होऊ लागलं. दुपारी एका सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा फोन आला. "लोमटे, तुम्ही लोकांना काय सांगितलंय? सकाळपासून माझ्याकडं एकवीस गरोदर बायका आल्यात. त्यातल्या चौघींना कळा आहेत. बाकीच्या आगाऊ आल्यात!" मागून कुणा शांताक्काचा आवाज ऐकू येत होता, "हिला सातवाच हाय वो डाक्तर, पन उगं मंगळवारी घोटाळा नगं. ठिवून घ्या." डॉक्टरांनी पुढं जे म्हटलं ते त्यांच्या पदाला शोभणारं नव्हतं.

तरी इंद्रजितचं लक्ष दवाखान्याकडं नव्हतं. तो शनिवारीच येरमाळ्याला जाऊन आला होता. पर्यायी केंद्र म्हणजे बंद पडलेल्या दूध डेअरीच्या माडीवरची एक खोली. तिची देखभाल द्वारकाबाईंकडं होती. खोलीत चार टेबलं होती, आणि चारही टेबलांवर कुरडया वाळत होत्या. इंद्रजितनं त्या उचलायला लावल्या, फोनच्या तारा तपासल्या आणि निघताना बजावलं, "द्वारकाबाई, मंगळवारपर्यंत ही खोली कुणाला उघडून द्यायची नाही. किल्ली फक्त माझ्या हातात द्यायची. कितीही मोठा माणूस आला तरी नाही."

"तुमच्याच हातात देते सायेब," द्वारकाबाई म्हणाल्या आणि किल्ली कनवटीला लावली.

मंगळवारी साडेदहाला निरीक्षक आल्या. नाव अक्षदा मॅडम. हातात फॉर्म, गळ्यात स्टॉपवॉच, आणि चेहऱ्यावर काहीही नाही. इंद्रजितनं चहा विचारला तर त्या म्हणाल्या, "चहा कार्यपद्धतीत आहे का?" तो नव्हता, त्यामुळे राहिला.

अकराच्या ठोक्याला मुख्य केंद्राला कुलूप लागलं आणि सगळे फोन इंद्रजितच्या मोबाइलवर वळले. केंद्राकडं जीप एकच. ती चालवायला गफारभाई, शेजारी इंद्रजित, मागं मॅडम आणि नोंदवही घेतलेली यास्मिन. बाकीच्या ऑपरेटरना घेऊन त्यांच्यातलाच अरफात एसटी स्टँडकडं पळाला. जीप चौक ओलांडते न ओलांडते तोच पहिला फोन वाजला. इंद्रजितनं घसा साफ केला. "नमस्कार. हाक केंद्र. आपल्याला काय मदत हवी आहे?"

"बंद हाय का?" पलीकडून आवाज आला.

"काय बंद आहे का?"

"ह्यो नंबर. आज बंद हाय म्हनलं व्हतं."

"नाही, चालू आहे."

"मंग बंद हाय असं का सांगितलं?" पलीकडचा माणूस रागावला आणि त्यानं फोन ठेवला.

"घटनेचा प्रकार?" मॅडमनी मागून विचारलं.

"चौकशी," इंद्रजित म्हणाला. यास्मिननं वहीत ‘चौकशी’ लिहिलं आणि हात मोकळा होतो न होतो तोच दुसरा फोन वाजला. तोही तोच. तिसराही तोच. नंबर बंद असल्याची खात्री करून घ्यायला आख्खा जिल्हा एकाच वेळी नंबर फिरवत होता. कुणी विचारे, कुणी लागला म्हणून दचकून ठेवून देई. एका आजोबांनी "चालू हाय, चालू हाय!" असं घरातल्यांना मोठ्यानं सांगितलं आणि तिकडून आनंदाचा गलका ऐकू आला. येडशी येईपर्यंत यास्मिननं ‘चौकशी’ लिहिणं सोडून खाली नुसत्या ‘〃’ अशा खुणा करायला सुरुवात केली होती.

त्यातच एक आवाज ओळखीचा आला.

"अहो, किती वेळ झाला तुमचा फोन लागत नाही! म्हणून मदतीच्या नंबरवर केला, तर तिथंही तुम्हीच!" ही हर्षाली, इंद्रजितची बायको.

मॅडम मागं बसून ऐकत होत्या. इंद्रजित ताठ झाला. "नमस्कार. हाक केंद्र. आपल्याला काय मदत हवी आहे?"

"असं परक्यासारखं काय बोलताय?"

"घटनास्थळ कोणतं?"

"स्वयंपाकघर! गॅसची टाकी घेऊन माणूस दारात उभा आहे. पुस्तक कुठं ठेवलंय?"

"घाबरून जाऊ नये. टीव्हीखालच्या कप्प्यात डावीकडं पाहावं. धन्यवाद."

"तुम्ही या घरी," हर्षाली म्हणाली आणि फोन बंद झाला.

"गॅससंबंधी काही होतं?" मॅडमनी विचारलं.

"हो. निवळलं," इंद्रजित म्हणाला. संध्याकाळपर्यंत ते निवळणार नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

येरमाळा तीन किलोमीटरवर राहिलं असताना जीपच्या पुढच्या बाजूनं वाफ येऊ लागली. गफारभाईंनी गाडी कडेला घेतली, झाकण उघडलं आणि आत बघून मान हलवली. "साहेब, फॅनचा पट्टा घसरायलाय. इंजन लई तापलंय. थंड झाल्याबिगर हात लावता येत न्हाय. अर्धा-पाऊन घंटा तरी ठैरावं लागंल."

अकरा वाजून बावन्न मिनिटं झाली होती. अकरा माणसांच्या नोकऱ्या त्या वाफेबरोबर वर चालल्या आहेत असं इंद्रजितला वाटलं. यास्मिनची मुलगी अलिजा आत्ताच कुठं शाळेत जायला लागली होती. तो म्हणाला, "गफारभाई, कुणाला तरी हात करा, कुठल्याही गाडीला."

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "आराखड्यात काय आहे?"

इंद्रजितनं पानं उलटली. चाळिसावं पान. ‘वाहन नादुरुस्त झाल्यास चालकाने मदतीच्या क्रमांकावर कॉल करून नोंद करावी.’

"मग करा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी स्टॉपवॉच हातात घेतलं.

गफारभाईंनी आपला मोबाइल काढला आणि मदतीचा नंबर लावला. तो लागेना. जिल्हा अजून चौकशी करत होता. पाचव्या खेपेला लागला आणि दीड हातावर इंद्रजितचा फोन वाजला.

"उचला साहेब, मीच हाय," गफारभाई हळूच म्हणाले.

इंद्रजितनं मॅडमकडं पाहिलं. मॅडम वाट पाहत होत्या. त्यानं फोन कानाला लावला. "नमस्कार. हाक केंद्र. आपल्याला काय मदत हवी आहे?"

"सलाम साहेब. गाडी बंद पडलीय."

"कुठं?"

"अवो, हितंच की! तुमी टेकून उभे हाईत, तीच."

"गाडीत किती माणसं आहेत?"

"चार. तुम्ही धरून."

"कुणी जखमी?"

"अजून तरी न्हाय," असं म्हणून गफारभाईंनी मॅडमकडं चोरून पाहिलं.

"जवळचं उपलब्ध वाहन पाठवा," मॅडमनी आठवण केली. इंद्रजितनं यादी काढली. त्या भागातलं सगळ्यात जवळचं उपलब्ध वाहन एकच होतं, आणि त्यातून वाफ येत होती. यादीत ते ‘उपलब्ध’ असल्यामुळे दुसरं पाठवायची सोय नव्हती. त्यानं मुकाट्यानं जीपला जीपकडं जायची सूचना दिली.

"वाहनाला घटनास्थळी पोचायला किती वेळ लागला?" मॅडमनी विचारलं.

इंद्रजितनं जीपकडं पाहिलं, मग रस्त्याकडं पाहिलं. "पोचलंय, मॅडम."

मॅडमनी स्टॉपवॉच बंद केलं. "शून्य मिनिटं," असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी ते फॉर्ममध्ये स्वच्छ अक्षरात लिहिलं.

एवढ्यात धाराशिवहून येणारी एसटी दिसली. खिडकीतून अरफात आणि सगळे ऑपरेटर डोकावत होते. इंद्रजित रस्त्यात जाऊन दोन्ही हात हलवू लागला. साहेब आपल्याला हात करतायत हे पाहून सगळ्यांना भरून आलं. त्यांनीही जोरजोरात हात हलवले आणि एसटी निघून गेली. यास्मिननं घाईनं अरफातला फोन लावला.

"दिसलात की भाभी! आम्ही हात केला ना," अरफात म्हणाला.

"अरे, गाडी बंद पडलीय आमची! उतरा!"

अरफातनं कंडक्टरला विचारलं. कंडक्टरनं सांगितलं की गाडी आता येरमाळ्यालाच थांबेल, मध्ये थांबायची कार्यपद्धती नाही.

येरमाळ्याला ऑपरेटर उतरले, माडी चढले आणि कुलपासमोर उभे राहिले. द्वारकाबाई पायरीवर बसल्या होत्या. किल्ली द्यायला त्यांनी साफ नकार दिला. अरफातनं ओळखपत्र दाखवलं. "ते आसू द्या. सायबाच्या हातात द्यायची ठरलीय," त्या म्हणाल्या. साहेब रस्त्यात अडकलेत, एकच्या आत कुलूप निघालं नाही तर केंद्रच जाईल, असं अरफातनं काकुळतीला येऊन सांगितलं. द्वारकाबाईंनी क्षणभर विचार केला. "मंग असं बोला की. म्याच जाऊन देते किल्ली," असं म्हणून त्या उठल्या आणि दिराच्या ट्रॅक्टरवर चढल्या.

साडेबाराला ट्रॅक्टर जीपपाशी आला. मडगार्डवर बसलेल्या द्वारकाबाईंनी कनवटीची किल्ली काढून इंद्रजितच्या तळहातावर ठेवली. "घ्या सायेब. तुमच्याच हातात दिली बगा. दुसऱ्या कुनाला दिली न्हाय." एवढं बोलून त्यांनी दिराला परत फिरायला सांगितलं. आपलं काम झालं अशीच त्यांची समजूत होती. यास्मिननं धावत जाऊन ट्रॅक्टर थांबवला.

मग एका मडगार्डवर द्वारकाबाई आणि यास्मिन, दुसऱ्यावर फॉर्म छातीशी धरलेल्या अक्षदा मॅडम, आणि मागच्या दांडीवर एक पाय टेकून उभा असलेला इंद्रजित, अशी धाराशिवची आपत्कालीन यंत्रणा येरमाळ्याच्या बाजारातून निघाली. इंद्रजित एका हातानं दांडी धरून दुसऱ्या हातातल्या फोनवर ओरडत होता, "नाही हो, चालू आहे! चालू आहे!" दुकानदार बाहेर येऊन बघू लागले. काय चालू आहे ते कुणालाच कळलं नाही, पण एक-दोघांनी नमस्कार केला.

बारा अठ्ठावन्नला कुलूप निघालं, फोन वळवले गेले आणि पर्यायी केंद्रातला पहिला फोन यास्मिननं घेतला. ‘झालं का चालू?’ असं पलीकडच्यानं विचारलं. झालं, असं ती म्हणाली. मग बरं झालं, असं तो म्हणाला.

दोन तासांत तीनशे सदुसष्ट फोन आले होते. त्यातले तीनशे पासष्ट लोक नंबर बंद आहे का ते विचारत होते. एक हर्षाली होती आणि एक गफारभाई. कुठं आग नव्हती, कुठं गाडी उलटली नव्हती, कुणी कुणाला काठीसुद्धा दाखवली नव्हती. उभ्या जिल्ह्यात त्या दोन तासांत अडचणीत सापडलेली एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे हाक केंद्र. मॅडमनी सगळं लिहून घेतलं, फॉर्मची घडी घातली आणि "अहवाल जाईल" एवढंच म्हणून त्या निघून गेल्या.

पुढचे तीन आठवडे इंद्रजितला अन्न गोड लागलं नाही. कुलूप वेळेत निघालं होतं खरं, पण सगळा गोंधळ मॅडमच्या फॉर्मवर गेला होता. आपल्या भाबडेपणानं अकरा घरं उघड्यावर आणली, हे त्याच्या मनातून जाईना. यास्मिन समोर आली की तो मान खाली घाली. ती बिचारी काही बोलत नसे, त्याचं त्याला जास्त लागे. पत्र आलं तेव्हा त्यानं ते उघडलंच नाही, तसंच तिच्या हातात दिलं. सगळे भोवती गोळा झाले. यास्मिन वाचू लागली.

"‘सरावाच्या कालावधीत जिल्ह्यात एकही दुर्घटना घडली नाही, ही बाब उल्लेखनीय आहे. एकमेव वाहन नादुरुस्तीच्या घटनेत मदत शून्य मिनिटांत पोचली, हाही उच्चांक आहे. सबब धाराशिवचे केंद्र विलीन न करता कायम ठेवण्यात येत आहे.’"

अरफातनं टेबलावर हात आपटला आणि एकच जल्लोष झाला. यास्मिनच्या डोळ्यांत पाणी आलं. इंद्रजितच्या तर गालावरच आलं होतं आणि त्यानं ते लपवलंही नाही. गफारभाई पेढे आणायला बाहेर पळाले.

"सर, मागच्या बाजूलाही आहे काहीतरी," यास्मिन म्हणाली आणि तिनं पान उलटलं. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. "‘मुख्य केंद्र बंद असताना दुर्घटना होत नाहीत, असे या सरावातून सिद्ध झाले आहे. त्यामुळे यापुढे हा सराव दर मंगळवारी करावा. निरीक्षकांनी नोंदवलेले सर्व टप्पे त्याच क्रमाने व त्याच वेळी पार पाडावेत. टप्प्यांची यादी सोबत जोडली आहे.’"

इंद्रजितनं यादी घेतली. चौथा टप्पा: ११.५२, येरमाळ्याच्या अलीकडे तीन किलोमीटरवर वाहन बंद पडणे. पाचवा: चालकाने केंद्रप्रमुखास कॉल करणे. सहावा: कर्मचाऱ्यांनी एसटीतून हात करणे. सातवा: किल्लीसह ट्रॅक्टरचे आगमन. खाली मॅडमची सही होती.

त्यानं चौथ्या टप्प्यावर बोट ठेवलं. "पण जीपला तर गफारभाईंनी गेल्या आठवड्यातच नवा पट्टा टाकलाय," तो म्हणाला. "आता ती बंद कशी पडायची?"

पेढ्यांचा पुडा घेऊन गफारभाई दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत आले, पुडा टेबलावर ठेवला आणि त्याची दोरी सोडत शांतपणे म्हणाले, "फिकीर करू नका साहेब. जुना पट्टा मी फेकला न्हाय."